डाव्या हाताची मूठ

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी चहा देतात. दादाला हे माहीत होतं, मला नव्हतं. वडील गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या लायसन्सवर चढवून घ्यायला त्याने याच दुकानाच्या चकरा मारल्या होत्या, त्यामुळे तो घरच्यासारखा टेकून बसला. लायसन्स या वेळी माझं होतं आणि पैसेही माझे, पण दुकानदार बोलत होता दादाशी. दीदींना काय दाखवू, असं तो दादाला विचारत होता.

दीदींनी स्वतःच सांगितलं. पॉइंट बावीसचं, सेमी-ऑटोमॅटिक, पंचवीस मीटरच्या नेमबाजीचं पिस्तूल हवंय. परदेशी नवं घ्यायची ऐपत नाही, कुणाचं वापरलेलं असेल तर बघायचंय. हे ऐकून त्याने आतून एक पेटी आणली, पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि मूठ माझ्या उजव्या हाताकडे करून कापडावर ठेवलं. मी ते डाव्या हाताने उचललं. त्याने अगदी अदबीने ते माझ्या हातातून काढलं आणि उजव्या हातात दिलं. मी परत डाव्यात घेतलं. मग तो हसला आणि दादाला म्हणाला, "भिया, दीदी लेफ्टी हैं क्या? तो रिवॉल्वर दिला दो. दोनों हाथ से चलती है."

दादालाही ते पटलं. म्हणाला, "अगं, बरोबर बोलताहेत ते. घरात दोघी बायका, एक रिव्हॉल्व्हर असलं की कामाला येईल. ये टारगेट-वारगेट किती दिवस खेळणार आहेस?"

मी म्हटलं, घर राखायला कुलूप आहे. मला नेम मारायचाय आणि तो याच हाताने मारायचाय. चहा मी तसाच ठेवला. तो उजव्या बाजूला ठेवला होता म्हणून नाही, पण राग आला होता हे खरं.

माझा डावा हात ही आमच्या घरातली जुनी कटकट. लहानपणी आई माझ्या वेणीची रिबीन सोडायची, त्याच रिबिनीने माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायची आणि मग ताट वाढायची. शाळेतल्या बाईंची पट्टी होतीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एका काकूंना डाव्या हाताने तिळगूळ दिला, तर काकूंनी तो घेतला नाही, तशाच बसून राहिल्या आणि आईकडे बघू लागल्या. आईने त्यांच्यादेखत माझ्या त्या हातावर चापट मारली. मला लागलं नव्हतं, पण काकूंनी मान डोलावली ते मी विसरले नाही. शेवटी मी उजव्या हाताची झाले. उजव्या हाताने लिहिते, जेवते, वाण देते. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना ड्रॉइंग शिकवते तेही उजव्याच हाताने. अक्षर बघून कुणीही विचारावं, बाई, हे कशाने लिहिलंत.

लग्न झालं, टिकलं नाही. राजेंद्र नगरला आईजवळ परत आले. चाळिशी उलटल्यावर एकदा कॉलेजच्या एनसीसीच्या मुलींना घेऊन गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर गेले होते. तिथे शिकवणारे महूच्या छावणीतून रिटायर झालेले एक फौजी, त्यांना सगळे उस्तादजी म्हणतात. मुलींचं झाल्यावर ते म्हणाले, मॅडमजी, आप भी एक बार. मी हातातली पर्स खाली ठेवली आणि पिस्तूल उचललं. ते मी डाव्या हाताने उचललं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, उस्तादजींच्या आलं. गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. त्यांनी माझा डोळा तपासला आणि सांगितलं की तुमचा नेमाचा डोळाही डावाच आहे. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी येताना मी लालबागच्या पुढे जाऊन रस्ता चुकले, आणि त्याच भागात मी लहानाची मोठी झाले.

चार जणांसारखं आयुष्यभर वागल्यावर एक गोष्ट अशी सापडली होती जी त्या हाताला कुणी न शिकवता येत होती. ती मला सोडायची नव्हती. या सगळ्यात एवढंच पणाला लागलेलं होतं आणि मला ते पुष्कळ होतं.

त्या रेंजवरच्या क्लबचं पिस्तूल वापरून मी दोन-तीन हिवाळे स्पर्धा खेळले. नेमबाजीच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकाराप्रमाणे कोरलेली असते. अंगठ्याला कट्टा, बोटांना खाचा, तळव्याला फुगवटा. क्लबच्या सगळ्या मुठी उजव्या. डाव्या हातात ती मूठ धरायची म्हणजे उजवा बूट डाव्या पायात घालून चालायचं. तरी मी चालले. अंगठ्याच्या बेचक्यात घट्टा पडला, पण लायसन्स मिळण्याइतके गुण झाले. आता स्वतःचं घ्यायचं होतं.

त्या दुकानात आणि आणखी एका दुकानात मी पुष्कळ पिस्तुलं हाताळली. एकाचा चाप गोड होता, पण मॅगझिन मिळत नव्हतं आणि पार्ट परदेशातून मागवावे लागणार होते. एक अगदी स्वस्त होतं, मात्र त्याची नळी आतून झिजलेली होती आणि हे दुकानदाराने नाही, मी उजेडात धरून बघितलं. एक नवंकोरं होतं, त्याची किंमत ऐकून दादाने चहा परत मागवला. डाव्या हाताची मूठ कुणाकडेच नव्हती. परदेशातून एकटी मूठ मागवायची तर अर्ध्या पिस्तुलाचे पैसे.

शेवटी उस्तादजींनीच एक सुचवलं. महूचे एक म्हातारे नेमबाज गुडघ्यांमुळे खेळ सोडत होते. त्यांचं जर्मन पिस्तूल दुकानामार्फत विकायचं होतं. जुनं, पण निगुतीने ठेवलेलं. चाप असा की मनात आलं आणि सुटला. वजन पुढे झुकणारं, जसं मला हवं होतं तसं. किंमत माझ्या आवाक्यातली, स्वयंपाकघराचा ओटा आणखी काही वर्षं तसाच ठेवला तर. मूठ अक्रोडाची, सुंदर, आणि उजवी.

उस्तादजींनी मला बाजूला घेतलं. ते वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांचं म्हणणं, या पिस्तुलासाठी हात बदलून घ्या. डोळ्याचं जमवून घेऊ. तुम्ही लिहायला, जेवायला शिकलात की नाही, तसंच हेही शिकाल. "मॅडमजी, हाथ तो हाथ है. छह महीने में राइट सेट हो जाएगा."

दादा म्हणाला, प्रॅक्टिकल बात है. घरी आईला सांगितलं तर तीही म्हणाली, उजव्या हाताने शस्त्र धरलेलं चांगलंच दिसेल.

तिघांना मी एकच उत्तर दिलं. हा हात एकदा सेट करून झालाय. दुसऱ्यांदा नाही करणार. पिस्तूल हेच घेईन आणि मूठ बदलेन.

मूठ कोण बनवणार, हे दादाने विचारलंच. मी म्हटलं, मी. तो खूप हसला. ड्रॉइंगवाल्या बाईने जन्मात लाकडाला हात लावलेला नसतो असं त्याला वाटत होतं. पोलोग्राउंडला एका वखारीत जाऊन मी शिसवीचे तुकडे आणले, सोबत कानस, पॉलिश पेपर आणि लाकडात भरायची लांबी. अक्रोडाच्या मुठीची मापं घेतली, कागदावर ती आरशात दिसावी तशी उलटी काढली आणि मागच्या अंगणात बसले. पहिला तुकडा चिरला. दुसऱ्याचा अंगठा लहान झाला. नंतरचा बराच जमला, तर स्क्रूचं भोक चुकलं. कानस मी डाव्या हाताने चालवत होते आणि ती कशी सरळ चालत होती हे बघून माझं मलाच हसू येत होतं. आई दारातून बघायची आणि अंगणभर भुसा केलास म्हणायची. मीही ऐकवायचे, ज्या घरात माणसं फौजेत होती त्या घरात भुशाला कशाला घाबरायचं.

कारण त्या गोष्टीचा आमच्याकडे फार अभिमान. पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. त्यांची तलवार आईच्या कपाटात असते आणि खंडेनवमीला बाहेर निघते. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, शेजारी वडिलांचं रिव्हॉल्व्हर, दादाची गाडीची किल्ली, माझी ड्रॉइंगची पेटी. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडू. त्या दिवशी शस्त्राला विश्रांती असते. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ते हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नेम आणि तो कुणी मोडलेला मला आठवत नाही.

मूठ झाली, पिस्तुलावर बसली आणि माझ्या हातात अशी बसली की मला ती जेवणाच्या टेबलावरही सोडवेना. त्याच सुमाराला नवरात्र आलं. नवमीला आई म्हणाली, तुझंही मांड. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आजवर माझी कंपासपेटी मांडली जायची. आता तलवारीच्या रांगेत माझं पिस्तूल होतं, माझ्या लायसन्सचं, माझ्या मुठीचं.

मी ते रेंजवर ठेवतात तसं ठेवलं. रेंजवर शिस्त असते की पिस्तूल खाली ठेवायचं तर मॅगझिन काढून आणि वरचा बोल्ट मागे ओढून, उघडं, म्हणजे लांबूनही कुणालाही कळावं की ते रिकामं आहे. ही शिस्त माझ्या अंगात मुरलेली. आईच्या अंगात तिची शिस्त मुरलेली. तिने कुंकवाचं बोट लावलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या, तलवारीला वाहते तशा. तलवारीवरून तांदूळ घरंगळतात. माझ्या पिस्तुलाला वरून खिडकी उघडी होती.

दसऱ्याला मी ते उचललं, उलटं करून झटकलं, ब्रश फिरवला, तेलाचं कापड फिरवलं. तांदूळ पडले ते वेचले. सुट्ट्यांमुळे रेंज बंद होती, म्हणून मी घरातच भिंतीवर काळा ठिपका चिकटवून रिकाम्या पिस्तुलाने सराव केला आणि काही खटकलं नाही. स्पर्धा त्याच आठवड्यात होती. तिथे ठरावीक गुण झाले की पुढच्या, मोठ्या स्पर्धेला जायला मिळणार होतं.

स्पर्धेच्या दिवशी रांगेत मी एकटी डावी होते. माझ्या शेजारच्या मुलीकडे माझी पाठ नसून तोंड होतं, ती त्यानेच बावरली. माझी मूठ बघायला दोघं-तिघं आले. घर में बनाई, असं मी सांगितलं की ते "अच्छा" म्हणायचे, आणि त्या अच्छामध्ये काय आहे ते मला कळत होतं. पहिला, संथ भाग छान गेला. उस्तादजी मागे उभे होते, त्यांनी अंगठा वर केला.

दुसरा भाग वेगाचा. लक्ष्य क्षणभर समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची, परत हात खाली. सेमी-ऑटोमॅटिक लागतं ते यासाठीच, एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी उडून पुढची आपोआप जागेवर येते. माझ्या एका फेरीत दुसरी गोळी सुटली आणि तिसरी सुटलीच नाही. चाप ओढला तर तो मेल्यासारखा. नियमाप्रमाणे मी पिस्तुलाचं तोंड समोर ठेवलं आणि रिकामा हात वर केला. वर गेलेला हात उजवा होता. सगळी रांग थांबली.

रेंज ऑफिसर आले. त्यांनी पिस्तुलाकडे बघितलं नाही, मुठीकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. त्यांनी निदान तिथल्या तिथे सांगून टाकलं की उजव्या हाताचं पिस्तूल डाव्या हाताने चालवलं की पुंगळी नीट उडत नाही, वर ही घरची मूठ, पकड सैल पडणार आणि ते अडकणारच. मागून कुणीतरी म्हणालं, लेफ्टी में ये लफड़ा रहता ही है. उस्तादजींनीही मान डोलावली, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

नियमात दुरुस्तीला थोडी मिनिटं देतात. तेवढ्यात दुरुस्त झालं नाही तर दुसरं पिस्तूल घेऊन उरलेला खेळ पुरा करता येतो. उस्तादजींनी क्लबचं पिस्तूल आणून समोर धरलं. उजवी मूठ. हळूच म्हणाले, "ले लीजिए मॅडमजी. राइट से ही मार दीजिए, इज्जत बच जाएगी."

ती मिनिटं चालू होती. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. मी कारण न शोधता हरले असते तर त्या रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यात कायमचं बसलं असतं की हात डावा होता म्हणून अडकलं. आणि कदाचित माझ्याही डोक्यात. मी म्हटलं, "इज्जत इसी हाथ की बचानी है, उस्तादजी. आप वो रख दीजिए."

ऑफिसरांसमोर मी पिस्तूल खोललं. मॅगझिन काढलं, बोल्ट काढला, टॉर्च मागितला. पुंगळी अडकलेलीच नव्हती. ती केव्हाच उडून गेली होती, खाली पडलेली मी त्यांना दाखवली. मग चिमट्याने आतल्या कोपऱ्यातून एक कण ओढून काढला. लाल होता. पूजेचा तांदूळ, कुंकवाने आणि तेलाने माखून चिकटून बसलेला, गोळ्यांच्या धक्क्यांनी सुटून नेमका चापाच्या सांध्यात जाऊन अडकलेला. मी तो ऑफिसरांच्या तळहातावर ठेवला.

ते बघतच राहिले. "ये क्या है?"

"चावल. मेरी माँ ने पूजा में चढ़ाया था. अब बोलिए, इसमें लेफ्ट हाथ कहाँ है?"

शेजारची मुलगी हसली, मग रांगच्या रांग हसली, आणि मला ते हसू चाललं कारण ते तांदळाला होतं. मी पिस्तूल पुसलं, जोडलं, बोल्ट मागेपुढे करून बघितला. ती फेरी परत मारायची परवानगी मिळाली. मी हात खाली सोडून उभी राहिले, पुढचं लक्ष्य वळलं आणि तो आपला आपण वर गेला. उरलेल्या सगळ्या फेऱ्या सुरळीत झाल्या. लागत होते तेवढे गुण झाले, फार वर नाही. उस्तादजींनी क्लबचं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला.

घरी आले तेव्हा आई शेंगा सोलत बसली होती. दादा फोनवरून निकाल तिला सांगून मोकळा झाला होता, पण मधलं त्याला ठाऊक नव्हतं. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, तांदळासकट. मला वाटलं ती म्हणेल, पूजेला नावं ठेवू नकोस. ती शेंगा सोलत राहिली. मग तिने विचारलं की लोक काय म्हणत होते. मी सांगितलं, लोक म्हणत होते की डाव्या हातामुळे अडकलं.

"आणि अडकलं माझ्या तांदळाने."

"हो."

"म्हणजे हाताचा काही दोष नव्हता."

"नव्हता."

तिचे हात थांबले. ती आता फार थकली आहे, बोलताना मध्येच दम लागतो, म्हणून पुढचं तिने दम घेऊन विचारलं.

"तेव्हाही नव्हता?"

कधीची गोष्ट ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी आजवर पुष्कळ काही बोलत आले आहे. जाऊ दे, तेव्हा सगळेच तसं करायचे, तुझं काय चुकलं, हे सगळं माझ्या जिभेवर तयार असतं. त्या संध्याकाळी मी त्यातलं काहीही बोलले नाही.

"तेव्हाही नव्हता, आई," मी म्हटलं.